जुना लॅपटॉप, लिनक्स आणि इंटरनेटची पहिली जोडणी

शेतकऱ्यानें इंटरनेट वापरावें कीं नाहीं, हा वाद आतां उरलेला नाहीं. सातबाराचा उतारा, आठ-अ चा खातें-उतारा, फळपिकाच्या विम्याचा अर्ज, महाडीबीटीवरील अनुदानाची मागणी, पीएम-किसानच्या हप्त्याची चौकशी, हीं सर्व कामें जाळ्यावर गेलीं आहेत. आणि १५ ऑगस्ट २०२१ पासून पिकाची पाहणीही खातेदारानें स्वतःच्या मोबाईलवरून नोंदवावयाची झाली आहे. ज्या महसूल खात्यांत आम्हीं तेहेतीस वर्षें कारकुनी केली, त्या खात्यांतील लाल फडक्यांत बांधलेले दप्तराचे रुमाल आम्हीं आपल्या डोळ्यांदेखत पडद्यावर चढलेले पाहिले. वाद उरला आहे तो एवढाच कीं, हें काम शेतकऱ्यानें आपल्या हातानें करावें कीं दुकानांत बसलेल्या दुसऱ्या कोणाच्या हातीं सोंपवावें. आमचें मत पहिल्या बाजूचें आहे. तें कां आहे, आणि त्याच्या वाटेंत पहिला धोंडा कोणता येतो, हें सांगण्यासाठीं हा लेख आहे.

आमच्या गणपतीपुळ्याच्या बाजूस एक वृद्ध बागायतदार राहतात. कातळाच्या कडेस पन्नास-साठ हापूस कलमें व थोडी काजू, एवढाच त्यांचा संसार. विम्याचे व अनुदानाचे अर्ज ते दरवर्षीं एका दुकानांतून भरवीत. दुकानदारानें, दुष्टपणानें नव्हे तर कामाच्या घाईंत, अर्जावर मोबाईलचा क्रमांक आपलाच घातला. प्रत्येक वेळीं येणारा परवलीचा आंकडा, ज्यास सर्वजण ओटीपी म्हणतात, तो म्हाताऱ्या माणसास विचारीत बसण्यापेक्षां हें त्याला सोपें वाटलें. पुढें तें दुकान बंद झालें व तो क्रमांकही बंद पडला. पुढच्या हंगामांत खातें उघडेना, आंकडा कोणाच्या हातीं जातो तें कळेना, आणि कळेपर्यंत अर्जाची मुदत टळून गेली. त्याच वर्षीं मोहोरावर अवेळीं पाऊस पडला. हवामानावर आधारलेला विमा अवेळींचा पाऊस, उष्णतेची चढ-उतार, वेगाचा वारा यांसाठींच असतो. पण ज्याचा अर्जच नाहीं त्याला त्याचा काय उपयोग! ज्या माणसानें जन्मांत सरकारी कागदावर आंधळेपणानें अंगठा दिला नाहीं, त्याच्या घराची किल्ली अशी परक्याच्या खिशांत गेली व ती गेली आहे हें त्याला ठाऊकही नव्हतें.

ही हकीकत आमच्या मनांत घोळत असतांनाच सन २०२५ च्या दिवाळींत आमचा पुतण्या पुण्याहून आला, तो आपल्या कचेरींतून काढून टाकलेला एक लॅपटॉप घेऊन आला. यंत्र सन २०१२ चें. मायक्रोसॉफ्ट कंपनीनें आपल्या विंडोज १० या प्रणालीस १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं नेहमींचा आधार देणें थांबविलें, आणि तिच्या पुढची विंडोज ११ ही सुमारें सन २०१७ च्या पूर्वींच्या बहुतेक यंत्रांस जवळ करीत नाहीं. त्यामुळें चांगलीं चालतीं यंत्रें शहरांतील कचेऱ्यांतून निघूं लागलीं. आमच्यासारखाच प्रकार हा; अठ्ठावन्न वर्षें पुरीं झालीं कीं हातपाय धड असले तरी खुर्ची सोडावी लागते. पुतण्यानें त्या यंत्रांतील विंडोज पुसून त्यांत लिनक्स मिंट नांवाची प्रणाली बसविली होती. ती २ जीबी स्मरणशक्तीवरही उभी राहते, ४ जीबी असली तर सुखानें चालते. आणि तिला एक पैसाही पडत नाहीं.

फुकट म्हटलें कीं कोंकणी माणसाच्या भुंवया वर जातात, म्हणून लिनक्स म्हणजे काय तें थोडें सांगितलें पाहिजे. फिनलंड देशांत हेल्सिंकीच्या विद्यापीठांत शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें सन १९९१ मध्यें हिचा गाभा लिहिला व तो सर्वांस खुला केला. अमेरिकेंत रिचर्ड स्टॉलमन यांनीं सन १९८३ पासून ग्नू या नांवानें असेंच खुलें काम चालविलें होतें, त्याची तिला जोड मिळाली. बियाण्याचें उदाहरण घेतलें म्हणजे वाचकांस हें चटकन् उमजेल. संकरित बियाणें दरसाल दुकानांतून आणावें लागतें. घरचें वाण कणगींत ठेवतां येतें, शेजाऱ्यास पसाभर देतां येतें आणि निवड करून सुधारतांही येतें. लिनक्सच्या गाभ्याचा परवाना घरच्या वाणासारखा आहे. अट एवढीच कीं, सुधारून दुसऱ्यास दिलें तर त्यासही तीच मुभा द्यावी. याच मुभेमुळें एका खुंटावर दुसरी काडी बांधावी तशीं हिचीं कलमें होत गेलीं. सन १९९३ मध्यें डेबियन निघाली, तिच्यावरून सन २००४ मध्यें उबुंटू झाली, आणि उबुंटूवरून सन २००६ मध्यें ही मिंट. आपल्या देशांतही सी-डॅक या सरकारी संस्थेनें सन २००७ मध्यें बॉस नांवाची आवृत्ति काढली. केरळांतील सरकारी शाळांची मुलें कित्येक वर्षें लिनक्सवरच संगणक शिकत आहेत. आणि ज्यास हें सर्व दूरचें वाटत असेल त्यानें आपला खिसा चांचपावा; अँड्रॉइडच्या प्रत्येक मोबाईलच्या पोटांत गाभा लिनक्सचाच आहे.

असो. पुतण्या दोन दिवस राहून परतला आणि तिसऱ्या दिवशीं आम्हीं लॅपटॉप उघडला. यंत्र झटकन् सुरू झालें, अक्षरें स्वच्छ, मराठी कळफलकही त्यांत होता. फक्त इंटरनेट नव्हतें. घरांत वायफायचा डबा आहे, मोबाईल त्यास बिनतक्रार जोडला जातो. पण लॅपटॉपच्या कोंपऱ्यांतील चिन्हावर दाबलें तर वायफायचें नांवच दिसेना. बंद आहे असेंही म्हणेना, परवलीचा शब्द चुकला असेंही म्हणेना. ज्या उताऱ्यावर आपलें नांव चुकीचें लागलें आहे तो दुरुस्त करतां येतो. ज्यावर नांवच नाहीं त्याचें काय करावें! पुण्यास पुतण्यानें यंत्र तयार केलें तेव्हां त्यास भिंतींतून आलेली जाडी वायर लाविली होती. त्यामुळें वायफाय आहे कीं नाहीं हें पाहण्याची त्याच्यावर पाळीच आली नव्हती.

नवशिक्याची गाडी येथेंच रुतते असें आमचें निश्चित मत झालें आहे. प्रणाली बसविणें अवघड नाहीं. दहावींतील मुलगाही तें एका दुपारांत करतो. पहिली जोडणी जमली नाहीं कीं मात्र माणूस यंत्र मिटवून कपाटावर ठेवतो आणि "हें आपल्याला नाहीं" असें म्हणून पुन्हां दुकानाची पायरी चढतो. आम्हीही ठेवणारच होतों. पण कागद अडला तर तो कोणत्या टेबलावर अडला हें शोधल्याशिवाय घरीं न जाण्याची खोड जुनी.

पहिल्यानें आम्हीं तो खटका पाहिला ज्यानें बिनतारी संदेश बंद होतात. कांहीं जुन्या लॅपटॉपांच्या कडेला सरकती कळ असते, कांहींत विमानाच्या चित्राचें बटण असतें. तें ठीक होतें. मग पुतण्यास फोन केला. तो म्हणाला, "काका, टर्मिनल उघडा." टर्मिनल म्हणजे काळी चौकट, तींत अक्षरें लिहून यंत्रास आज्ञा द्यावयाची. आमचें शिक्षण मराठी शाळेंतलें, इंग्रजीची ओळख पांचवींत झालेली, त्यामुळें एक एक अक्षर शोधीत आम्हीं लिहिलें. एके ठिकाणीं यंत्रानें परवलीचा शब्द मागितला व आम्ही तो लिहूं लागलों, तर पडद्यावर कांहींच उमटेना. टिंबही नाहीं, चांदणीही नाहीं. कळफलक मेला असें समजून आम्हीं तीन वेळां यंत्र बंद केलें. वास्तविक टर्मिनलमध्यें परवलीचा शब्द असा अदृश्यच लिहावयाचा असतो. न दिसतां लिहावा आणि एंटर दाबावें. ही एक ओळ आम्हांस कोणीं आधीं सांगितली असती तर अर्धा दिवस वांचला असता, म्हणून ती येथें मुद्दाम लिहून ठेवीत आहों.

लॅपटॉपच्या पोटांत कोणकोणते तुकडे आहेत त्याची यादी देणारी एक आज्ञा आहे, तिचीं अक्षरें एल-एस-पी-सी-आय. त्या यादींत वायफायचा तुकडा होता. म्हणजे मजूर हजर होता. पण त्याला कामास लावणारा मुकादम हजर नव्हता. या मुकादमास संगणकवाले ड्रायव्हर म्हणतात. बहुतेक तुकड्यांचे ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यांतच असतात. परंतु कांहीं कंपन्या आपला तुकडा कसा चालतो तें उघड करीत नाहींत, आणि खुल्या वाणाचा आग्रह धरणाऱ्या मंडळींनीं असे बंद ड्रायव्हर आपल्या संचांत घालावयाचे नाहींत असा नेम पुष्कळ वर्षें पाळला. डेबियनवाल्यांनीं सन २०२२ मध्यें मतदान घेऊन हा नेम सैल केला, आणि सन २०२३ च्या बाराव्या आवृत्तीपासून हार्डवेअरच्या अशा कांहीं बंद फायली ते बसविण्याच्या संचांतच देऊं लागले. आमच्या मतें हें त्यांनीं शहाणपणाचें केलें. तत्त्व खरें, पण ज्याच्या घरीं जोडणीच नाहीं त्यास तत्त्व डाऊनलोड तरी कोठून करतां येणार?

कारण खरी अडचण पुढेंच होती. ड्रायव्हर इंटरनेटवरून उतरवावयाचा, आणि इंटरनेट ड्रायव्हराशिवाय मिळावयाचें नाहीं. वेड गेल्याशिवाय लग्न होत नाहीं आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाहीं, अशी गत. ज्या पेनड्राईव्हवरून प्रणाली बसविली होती तो जवळ असता तर त्यांतून कदाचित् ड्रायव्हर मिळाला असता. तो पुण्यास राहिला होता. वायफायच्या डब्यास जाडी वायर लावावी तर तशी वायर गणपतीपुळ्यास त्या दिवशीं मिळेना. सुटका झाली ती मोबाईल चार्ज करण्याच्या साध्या केबलनें. तिचें एक टोंक मोबाईलास व दुसरें लॅपटॉपास लावावें, मोबाईलच्या सेटिंगांत हॉटस्पॉट व टेदरिंग या सदरांत जाऊन यूएसबी टेदरिंग हा खटका चालू करावा, बस्स. लॅपटॉपला वाटतें कीं कोणीं जाडी वायरच लाविली, आणि तो तारेची जोडणी म्हणून मोबाईलमधील इंटरनेट घेऊं लागतो. यास वेगळा मुकादम लागत नाहीं, परवलीचा शब्दही लागत नाहीं. एक खबरदारी मात्र घ्यावी: कांहीं स्वस्त केबलींतून नुसती वीज जाते, माहिती जात नाहीं, खटका उमटलाच नाहीं तर आधीं केबल बदलून पाहावी. मग मिंटच्या यादींत ड्रायव्हर मॅनेजर नांवाचें सदर आहे तें उघडावें. त्यानें तुकडा ओळखला, योग्य ड्रायव्हर सुचविला, कांहीं मिनिटांत बसविला आणि यंत्र बंद करून चालू करावयास सांगितलें. पुन्हां चालू केल्यावर आमच्या घरचें, शेजारच्या घरचें आणि पलीकडच्या लॉजचें अशीं वायफायचीं तीन नांवें ओळीनें उभीं राहिलीं.

आतां सर्व झालें असें वाटलें, तोंच महाभूलेखाचें पान उघडण्यास ब्राऊझर नकार देऊं लागला. "ही जागा सुरक्षित नाहीं" असा इशारा. बँकेच्या पानासही तेंच, हवामान खात्याच्या पानासही तेंच. सर्व जगच असुरक्षित झालें असेल असें आम्हांस पटेना. शेवटीं सहज नजर कोंपऱ्यांतील घड्याळाकडे गेली, तों तेथें तारीख सन २०१२ मधली! प्रत्येक सुरक्षित पानाजवळ एक दाखला असतो व त्यावर अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत वैध असें लिहिलेलें असतें. ज्या यंत्राच्या मतें अजून २०१२ सालच चालू आहे, त्यास २०२५ सालचा दाखला पुढच्या तारखेचा व म्हणून खोटा वाटणारच. कारकून या नात्यानें आम्हांस यंत्राचा राग आला नाहीं. पुढची तारीख घातलेला स्टँप आम्हीही कधीं घेतला नसता. असें होतें त्याचें कारण यंत्राच्या आंत घड्याळासाठीं एक बटणाएवढी बॅटरी असते, ती जुनी होऊन मरते. आणि मोठी बॅटरीही दुबळी असली तर वीज गेली कीं यंत्र तारीख विसरतें. जोडणी मिळाल्यावर लिनक्स जाळ्यावरून वेळ विचारून घड्याळ आपोआप सुधारतें, पण आमच्या यंत्रांत तो खटका बंद होता. तो चालू केला आणि तक्रार मिटली. ज्या भागांत पावसाळ्यांत वीज दिवसाचे दिवस जाते, त्या भागांत हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे. सन २०२० च्या जूनमध्यें निसर्ग आणि सन २०२१ च्या मे महिन्यांत तौक्ते, अशीं दोन वादळें आम्हीं पाठोपाठ पाहिलीं आहेत.

पण या सर्वांपेक्षां अधिक उपयोगी गोष्ट आम्हांस पुढें कळली. ती ही कीं, "इंटरनेट चालत नाहीं" हें वाक्य "माझें काम झालें नाहीं" या वाक्याइतकेंच निरुपयोगी आहे. खेड्यांतील मनुष्य तहसील कचेरींत येऊन असें सांगे तेव्हां आम्ही त्यास विचारीत असूं: अर्ज तलाठ्यानें घेतला का? तलाठी, ज्यांस आतां ग्राम महसूल अधिकारी म्हणावयाचें, त्यांच्याकडून तो मंडळ अधिकाऱ्याकडे गेला का? तेथून तहसिलींत आला का? इंटरनेटचा कागदही असाच टप्प्याटप्प्यानें जातो. लॅपटॉपपासून घरच्या डब्यापर्यंत, डब्यापासून कंपनीच्या जाळ्यापर्यंत, आणि तेथून ज्याचें पान पाहिजे त्याच्यापर्यंत. तेव्हां शोधही टप्प्याटप्प्यानेंच करावा.

यासाठीं पिंग नांवाची आज्ञा फार कामाची आहे. ती म्हणजे एखाद्या पत्त्यावर शिपाई धाडून "घरांत कोणी आहे का" विचारून येणें. जाळ्यावर प्रत्येक यंत्रास आंकड्यांचा पत्ता असतो. घरच्या डब्याचा पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ अशासारखा असतो. आणि हा पत्ता हजारों घरांत तोच असला तरी गोंधळ होत नाहीं, जसा गट नंबर दहा प्रत्येक गांवीं असतो व गांवाचें नांव लागल्याशिवाय त्यास अर्थ नसतो. पहिला शिपाई या घरच्या डब्याकडे धाडावा. तो उत्तर न घेतां आला, तर दोष घरांतच आहे: वायफाय, परवलीचा शब्द किंवा ड्रायव्हर. तो उत्तर घेऊन आला, तर दुसरा शिपाई बाहेरच्या एखाद्या प्रसिद्ध पत्त्यावर धाडावा, गूगलचा ८.८.८.८ हा पत्ता लक्षांत ठेवण्यास सोपा. तेथून उत्तर आलें नाहीं, तर लॅपटॉपला शिव्या देण्यांत अर्थ नाहीं. कंपनीकडे तक्रार करावी किंवा रिचार्ज संपला का तें पाहावें. दुसऱ्याचेंही उत्तर आलें व तरी पान उघडत नसेल, तर तिसऱ्यानें आंकडा न देतां नांव देऊन पाठवावें. माणूस नांवानें विचारतो आणि जाळें आंकड्यानें चालतें. मध्यें नांवावरून आंकडा सांगणारी सूची असते, तिला डीएनएस म्हणतात. खातेदाराच्या नांवावरून खातें क्रमांक काढून देणाऱ्या सूचीसारखीच ती. आंकड्यास उत्तर मिळतें व नांवास मिळत नाहीं, तर सूचींत बिघाड आहे असें समजावें, आणि जोडणीच्या सेटिंगांत सूचीचा दुसरा पत्ता भरावा; वर सांगितलेला चार आठांचा पत्ता हाच अशा एका सार्वजनिक सूचीचा आहे. लिनक्सवर पिंग आपण थांबवीपर्यंत चालूच राहतो, तेव्हां कंट्रोलची कळ व सी एकदम दाबून शिपायास परत बोलवावें. नाहीं तर बिचारा हेलपाटे घालीतच राहील.

या तीन प्रश्नांनीं आम्हीं दोन महिन्यांत आमच्या व शेजाऱ्यांच्या मिळून सात-आठ तक्रारींचा निकाल लावला. त्यांपैकीं लॅपटॉपचा दोष फक्त दोनांत होता. एका घरीं डबा माजघरांत व लॅपटॉप पडवींत, आणि मध्यें जांभ्या चिऱ्याची हातभर जाड भिंत. वायफायच्या लहरी दोन प्रकारच्या असतात. ५ गिगाहर्ट्झची वेगवान असते पण भिंतीस लौकर हार जाते, २.४ गिगाहर्ट्झची संथ असते पण जाड भिंतींतून त्यापेक्षां बरी पार होते. तेथें दुसरी निवडली आणि डबा दारावरच्या फळीवर नेला, काम झालें. आमच्या या वळणावळणाच्या किनाऱ्यावर मालगुंडाच्या बाजूस एखाद्या माळावर मोबाईलला भरपूर संदेश मिळतो आणि खालीं पऱ्ह्याच्या काठच्या घरांत शून्य. अशा घरीं लॅपटॉप कितीही नवा आणला तरी तो मुकाच राहणार. हें दुःख यंत्राचें नाहीं, मनोऱ्याचें आहे, आणि तें कोणापुढें मांडावयाचें तें वेगळें.

आतां कोणी म्हणेल, मोबाईल प्रत्येकाच्या हातीं असतां लॅपटॉपचें हें लचांड कशाला? या आक्षेपांत तथ्य आहे. वारणानगरच्या सहकारी साखर कारखान्याच्या परिसरांतील ७० गांवें संगणकानें जोडण्याचा मोठा प्रयोग सन १९९८ मध्यें सुरू झाला; पण पुढें असें दिसून आलें कीं, ऊस उत्पादक त्या संगणकांचा उपयोग मुख्यतः आपल्या उसाचा हिशेब पाहण्यासाठीं करतात, आणि तेवढें काम मोबाईलच्या लघुसंदेशानेंही होतें. सन २००६ च्या सुमारास कांहीं गांवांत तसें करूनही पाहिलें गेलें. जें काम मोबाईलवर होतें तें मोबाईलवरच करावें. पीक पाहणीस तर शेतांत उभें राहूनच छायाचित्र घ्यावें लागतें. परंतु कोंकणांतील सातबारा ज्यानें वाचला आहे त्यास विचारावें कीं, पंचवीस हिस्सेदारांचीं नांवें, आण्या-पैचे हिस्से, इतर हक्कांतील कुळाची नोंद आणि खालीं फेरफारांच्या क्रमांकांची रांग, हें सर्व बोटभर पडद्यावर किती वेळ वाचवतें! एका बाजूस जुना फेरफार व दुसऱ्या बाजूस चालू उतारा ठेवून ताडून पाहणें, अर्जाची प्रत जपून ठेवणें, लांब मजकूर मराठींत लिहिणें, छापून घेणें, यांस मोठा पडदा व कळफलक लागतोच. बिनसहीचा उतारा पाहण्यास पैसे पडत नाहींत, डिजिटल सहीचा १५ रुपयांत मिळतो. आणि त्यासाठीं रत्नागिरीस जाऊन-येऊन दिवस व भाडें खर्चणारे व वर दुकानास शंभराची नोट देणारे लोक आम्हांस ठाऊक आहेत.

लिनक्सचे दोषही लपवूं नयेत. अंगठा उमटविण्याचें यंत्र, सहीची डिजिटल चावी, एखादा जुना प्रिंटर अशीं उपकरणें तिच्यावर चालतीलच असें नाहीं, खरेदीपूर्वीं विचारावें. सूचना व इशारे पुष्कळदां इंग्रजींत येतात आणि ते वाचून दाखविणारें कोणी घरांत लागतें. केंद्र सरकारनें सन २०२२ मध्यें देशांतील ६३,००० प्राथमिक कृषि पतसंस्थांच्या संगणकीकरणास २,५१६ कोटि रुपये मंजूर केले. त्या योजनेंतून सोसायट्यांस मिळणारीं यंत्रें हिशेबासाठीं आहेत, त्यांतील प्रणालीस कोणीं हात लावूं नये. आम्ही बोलत आहों तें त्या यंत्राविषयीं नव्हे, तर त्याच्या शेजारीं बांकावर ठेवावयाच्या दुसऱ्या, जुन्या, कोणाचीही भीति न बाळगतां वापरावयाच्या यंत्राविषयीं.

आमची सूचना अशी कीं, शेतकऱ्यांच्या प्रत्येक संस्थेनें एक असा जुना लॅपटॉप मिळवावा, त्यांत लिनक्स बसवून घ्यावें, आणि आठवड्यांतून एक दिवस सभासदांस तो हाताळूं द्यावा. शिकवितांना ब्राऊझरपासून आरंभ करूं नये. आधीं यंत्राची जोडणी मुद्दाम तोडावी आणि ज्याचें काम आहे त्यासच ती पुन्हां जोडावयास लावावी. केबलनें एकदां, वायफायनें एकदां. दुसरें, अर्जांत मोबाईलचा क्रमांक खातेदाराचाच पडेल हें पाहावें, आणि परवलीचा आंकडा त्यानेंच आपल्या हातानें लिहावा; मदत करणारा मुलगा कितीही सालस असला तरी. तिसरें, गणपतीपुळ्यासारख्या यात्रेच्या ठिकाणीं लॉज व उपाहारगृहांचें वायफाय उघडें मिळतें; त्यावर बाजारभाव पाहावा, बँकेचें काम करूं नये. कोणी म्हणेल, यासाठीं शिकलेला माणूस कोठून आणावा? आमच्यासारखे निवृत्त लोक प्रत्येक गांवीं पारावर बसलेले आहेत. त्यांस कागद कोठें अडतो हें शोधण्याची संवय आहे, आणि वेळही आहे.

ज्या वृद्ध बागायतदारांची हकीकत आरंभीं सांगितली, त्यांचा स्वतःचा क्रमांक आतां खात्यास लागला आहे. तें काम जाळ्यावरून झालें नाहीं. त्यांस रत्नागिरीस दोन खेपा घालाव्या लागल्या. गेल्या महिन्यांत ते आपल्या नातीस घेऊन आमच्या ओटीवर आले. वीज नुकतीच येऊन गेली होती. तिनें आधीं घड्याळ पाहिलें, मग केबल लाविली, आणि आजोबांच्या नांवाचा उतारा काढून दिला. म्हातारबोवांनीं तो चष्मा लावून वरपासून खालपर्यंत वाचला, आणि हिस्सेदारांत आपल्या धाकट्या भावाचें नांव अद्याप तसेंच आहे, त्यास जाऊन सहा वर्षें झालीं, हें त्यांच्या प्रथमच लक्षांत आलें. वारसनोंदीचा अर्ज सध्यां ती मुलगी भरीत आहे.